एकत्र बसून जिक्र करावा का?

आजचं वाचन: सूरह अल्-कहफ, आयत २८



आज शुक्रवार. जुम्म्याच्या दिवशी सूरह अल्-कहफ वाचायची, ही अब्बांनी लहानपणी लावलेली सवय. आज फजरच्या नमाजनंतर वाचत होतो आणि २८व्या आयतीपाशी थांबलो. गेलं वर्षभर मी या आयतीपाशी थांबतोच आहे.

या आयतीत अल्लाह आपल्या पैगंबरांना (स.) सांगतो की, जी माणसं सकाळ-संध्याकाळ आपल्या पालनकर्त्याला हाक मारतात, केवळ त्याची प्रसन्नता मागतात, त्यांच्या सोबतीत मन टिकवून राहा. दुनियेच्या झगमगाटापायी नजर त्यांच्यावरून दुसरीकडे वळू देऊ नका. ज्याचं मन अल्लाहच्या स्मरणाला विसरलं आहे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चालू नका. ‘प्रसन्नता’ असं आपण म्हणतो, पण मूळ शब्द आहे ‘वज्ह’, म्हणजे चेहरा. ही माणसं अल्लाहचा चेहरा शोधत असतात.

ही आयत आधी अनेकदा वाचली होती. तेव्हा वाटायचं, ही आपल्याच बाजूची आयत आहे. आता तसं वाटत नाही. का, ते आज सांगतो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. अब्बांनी ४० वर्षांपूर्वी आमच्या पडवीत जुमेरातची बैठक सुरू केली. गुरुवारी इशाच्या नमाजनंतर दहा-बारा माणसं चटईवर गोल बसायची. आधी इस्तिगफार, मग ‘ला इलाहा इल्लल्लाह’ १०० वेळा, सगळ्यांनी एका सुरात, मग दुरूद, मग दुआ. शेवटी चहा आणि खारी. काही पोरं फक्त खारीसाठी यायची, हे अब्बांना ठाऊक होतं. ते हसून म्हणायचे, “येऊ दे. बसतायत तरी.”

तीन वर्षांपूर्वी अब्बा गेले. बैठक मी चालू ठेवली. गेल्या वर्षी माझे मोठे भाई २२ वर्षांची कुवेतची नोकरी संपवून कायमचे घरी आले. पहिल्या जुमेरातीला ते बसले. दुसऱ्या जुमेरातीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे पैगंबरांनी (स.) असं केलेलं नाही. एका सुरात, मोजून, ठरलेल्या दिवशी. ही बिदअत आहे. बंद कर.”

मी म्हटलं, “भाई, ही अब्बांची आठवण आहे.”

ते म्हणाले, “अब्बांची आठवण आहे की अल्लाहची?”

मला राग आला. उत्तर सुचलं नाही म्हणून जास्त राग आला. त्यानंतर आम्ही दोघं सख्खे भाऊ एकाच मशिदीत, एकाच सफेत उभे राहत होतो आणि सलामापलीकडे एकमेकांशी बोलत नव्हतो. गावातही दोन बाजू पडायला लागल्या. कोणी म्हणे, बाहेरून शिकून आलेत, आता आपल्याच बापाला चुकीचं ठरवतात. कोणी म्हणे, पडवीतलं ते म्हणजे शेजारच्या वाडीतलं भजनच की. ते भाईंच्याही कानावर गेलं आणि त्यांना आणखी एक मुद्दा मिळाला.

मी मुफ्ती नाही, प्राथमिक शाळेतला शिक्षक आहे. पण गोष्ट घरापर्यंत आली, म्हणून वाचायला बसलो. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट, अल्लाहच्या स्मरणासाठी एकत्र बसणं ही नंतरच्या लोकांनी काढलेली प्रथा नव्हे. त्याचा पाया मदीनेतच आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत मुआवियांची (रजि.) रिवायत आहे. पैगंबर (स.) एकदा बाहेर आले तेव्हा काही सहाबा गोल करून बसले होते. कशासाठी बसलात, असं त्यांनी विचारलं. अल्लाहला आठवण्यासाठी, त्यानं इस्लामचा मार्ग दाखवला म्हणून त्याची स्तुती करण्यासाठी, असं उत्तर आलं. त्यांनी शपथ घालून पुन्हा विचारलं, खरंच फक्त यासाठीच? सहाबांनीही शपथेवर हो म्हटलं. तेव्हा पैगंबरांनी (स.) सांगितलं की, मला तुमच्यावर शंका नव्हती, पण जिब्रील येऊन सांगून गेले की अल्लाह फरिश्त्यांसमोर तुमच्याबद्दल अभिमान व्यक्त करतो आहे.

बुखारीत आणखी एक हदीस आहे. काही फरिश्ते अल्लाहला आठवणाऱ्यांच्या शोधात रस्तोरस्ती फिरत असतात. असे लोक सापडले की एकमेकांना बोलावून त्यांच्याभोवती जमतात. शेवटी अल्लाह त्या बैठकीतल्या सगळ्यांना माफ केल्याचं सांगतो. एक फरिश्ता म्हणतो, त्यांच्यात एक जण त्यांच्यातला नव्हता, तो आपल्या कुठल्याशा कामासाठी आला होता. उत्तर मिळतं की, ही अशी माणसं आहेत, ज्यांच्यासोबत बसलेलाही वंचित राहत नाही. हे वाचलं आणि मला खारीसाठी येणारी पोरं आठवली. अब्बा कदाचित हीच हदीस मनात ठेवून हसत असावेत.

एवढं मिळाल्यावर मला वाटलं, जिंकलो. कागदावर सगळं लिहून घेतलं, भाईंना दाखवायला.

पण भाईंनी विचारलेला प्रश्न वेगळाच होता. एकत्र बसू नका, असं ते म्हणालेच नव्हते. एक ठरलेला दिवस, एक ठरलेला आकडा, एकच सूर, यावर त्यांचा आक्षेप होता. त्या आक्षेपामागेही मोठी माणसं उभी आहेत. ग्रनाडाचे इमाम शातिबी (मृत्यू १३८८) यांनी ‘अल्-इअतिसाम’मध्ये हाच मुद्दा मांडला आहे. एखादं सत्कर्म मुळात सांगितलेलं असतं, पण मोकळं सांगितलेलं असतं. माणसं त्याला आपल्या मनानं एक साचा घालतात आणि मग त्या साच्यालाच धर्म समजून चिकटून बसतात. एका सुरात सगळ्यांनी मिळून जिक्र करणं, हे उदाहरण त्यांनी स्वतः दिलं आहे.

हे मला माझ्या वर्गावरून कळलं. एका वर्षी मी मुलांना सांगितलं, वह्यांना खाकी कव्हर घाला, वह्या टिकतील. दिवाळीनंतर एक नवीन मुलगा आला. चार दिवस त्यानं गृहपाठ दाखवलाच नाही. विचारलं तर म्हणाला, “गुरुजी, कव्हर नाही ना घातलेलं.” गृहपाठ पूर्ण होता, अक्षरही छान होतं. बाकीच्या मुलांनी त्याला सांगून ठेवलं होतं की कव्हरशिवाय गुरुजी वही हातात घेत नाहीत. मी असं कधीच म्हटलं नव्हतं. पण रोज कव्हर तपासत होतो, त्यातून मुलांनी नियम काढला.

शातिबींची भीती ही आहे. नियम कोणी करत नाही, तो होऊन बसतो.

आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. भाईंनी मला तेही ऐकवलं, “शाफई म्हणवतोस ना? मग इमाम शाफई काय म्हणतात ते बघ.” बघितलं. फर्ज नमाजनंतर मोठ्यानं जिक्र करण्याची गोष्ट पैगंबरांच्या (स.) काळात होती, असं इब्ने अब्बास (रजि.) सांगतात, आणि ते बुखारीत आहे. इमाम शाफईंनी ‘अल्-उम्म’मध्ये त्याचा अर्थ असा लावला की ते लोकांना शिकवण्यासाठी असावं. शिकवायचं नसेल तर हळू आवाजातलं स्मरण त्यांना जास्त पसंत होतं. पण त्याच मजहबातले इमाम नववी (मृत्यू १२७७) ‘अल्-अजकार’मध्ये लिहितात की, जसा जिक्र पसंतीचा, तसं जिक्र करणाऱ्यांच्या वर्तुळात बसणंही पसंतीचं. आणि त्याच मजहबातल्या इमाम सुयूतींनी (मृत्यू १५०५) मोठ्यानं जिक्र करण्याच्या बाजूनं स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे आमच्या पडवीतला वाद एकाच मजहबाच्या घरात शेकडो वर्षं चालू आहे, आणि त्या थोरांनी एकमेकांशी बोलणं त्यासाठी टाकलेलं नाही.

भाई इमाम इब्ने तैमियांना (मृत्यू १३२८) फार मानतात. त्यांचंही शोधलं. जिक्रसाठी, कुरआन ऐकण्यासाठी, दुआसाठी एकत्र येणं हे चांगलं काम आहे, असं ते सांगतात. सोबत हेही सांगतात की ते अधूनमधून असावं, कायमची ठरलेली रीत करू नये. अर्धं मला मिळालं, अर्धं भाईंना.

आता ज्या रिवायतीनं मला सगळ्यात जास्त हलवलं, तिच्याकडे येतो.

दारिमींच्या संग्रहात ती आहे. तिच्या सनदीबद्दल विद्वानांमध्ये चर्चा आहे, तरी या विषयावर बोलणारा प्रत्येक जण तिच्यापाशी येतोच. कूफाच्या मशिदीत काही लोक गोल करून बसले होते. हातात खडे. एक जण म्हणे, १०० वेळा तकबीर म्हणा, की सगळे म्हणत. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) तिथे गेले आणि त्यांना खडसावलं. मोजायचीच असतील तर आपली पापं मोजा, तुमची पुण्यं वाया जाणार नाहीत याची हमी मी घेतो, अशा अर्थाचं ते बोलले. आमचा हेतू चांगलाच होता, असं त्या लोकांनी म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर असं होतं की, चांगलं करू पाहणारे कितीतरी जण त्या चांगल्यापर्यंत पोचतच नाहीत. रिवायत सांगणारा शेवटी म्हणतो की, त्या वर्तुळातले बहुतेक जण पुढे नहरवानच्या लढाईत आम्हाला खारिजींच्या बाजूनं लढताना दिसले. म्हणजे जे गोल बसून तकबीर मोजत होते, तेच पुढे मुसलमानांवर तलवार घेऊन आले.

भाईंची सगळ्यात भक्कम दलील हीच होती. पण मला त्याच इब्ने मसऊदांच्या (रजि.) आणखी दोन गोष्टी सापडल्या.

एक, बुखारीत ‘इल्म’च्या प्रकरणात आहे की ते लोकांना दर गुरुवारी उपदेश करत असत. हो, जुमेरातीलाच! एक जण म्हणाला, रोज सांगत जा ना. ते म्हणाले, तुम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून रोज सांगत नाही, पैगंबरही (स.) आमच्या बाबतीत हीच काळजी घेत. म्हणजे दिवस ठरवण्याचं त्यांना वावडं नव्हतं आणि लोकांना एकत्र बसवण्याचंही नव्हतं.

दुसरी गोष्ट आजच्या आयतीशी जोडलेली आहे. सूरह अल्-अनआमच्या ५२व्या आयतीतही जवळजवळ हेच शब्द आहेत, सकाळ-संध्याकाळ हाक मारणारे, त्याचा चेहरा शोधणारे. ती आयत कोणाबद्दल उतरली, हे हजरत सअद इब्ने अबी वक्कास (रजि.) सांगतात, आणि ते सहीह मुस्लिममध्ये आहे. मक्केचे मुश्रिक म्हणत होते, या लोकांना आधी उठवा. त्या गरीब, बिनवजनाच्या माणसांमध्ये बिलाल (रजि.) होते आणि अब्दुल्लाह इब्ने मसऊदही (रजि.) होते.

ज्यांना बैठकीतून उठवू नका म्हणून आयत उतरली, त्या माणसानं पुढे एका बैठकीला खडसावलं. बैठक त्यांना नकोशी होती, असं कसं म्हणणार? त्यांना तिथे काहीतरी दुसरं दिसलं असलं पाहिजे. चेहरा शोधणं थांबलेलं दिसलं असेल. आपण इतरांपेक्षा वरचे आहोत, ही नशा दिसली असेल. मला असं वाटतं, अल्लाह जास्त जाणतो.

हे लिहून झालं आणि मग माझं स्वतःचं प्रकरण उघडलं.

भाई यायचे थांबले त्यानंतर एका जुमेरातीला दुआच्या आधी मी सगळ्यांसमोर बोलून गेलो होतो, “काहींना अल्लाहच्या नावानंही त्रास होतो.” नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. त्याच रात्री ते भाईंपर्यंत पोचलं. अब्बांनी ४० वर्षांत न येणाऱ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मी मात्र कोण आलं, कोण नाही, याची मनात हजेरी घेत होतो. शाळेतली सवय. कव्हर तपासणारा मीच.

दुसरं, माणसं वाढली म्हणून मी पडवीत माईक आणि स्पीकर लावला होता. शेजारच्या आजींची बायपास झालेली. त्या आम्हाला लहानपणापासून आपलं मानतात, म्हणून काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेनं माझ्या बायकोला हळूच सांगितलं की गुरुवारी आजींना झोप लागत नाही. बायकोनं मला सांगितलं, मी ऐकून सोडून दिलं. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हजरत अबू मूसांची (रजि.) हदीस आहे. सफरीत सहाबा मोठमोठ्यानं तकबीर म्हणायला लागले. पैगंबर (स.) म्हणाले की स्वतःला जरा आराम द्या, तुम्ही कुठल्या बहिऱ्याला किंवा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही; तो ऐकणारा आहे, जवळ आहे. ही हदीस मला पाठ होती. स्पीकरचा आवाज वाढवतानाही पाठच होती.

आणि तिसरं. आषाढातली एक जुमेरात. संध्याकाळपासून असा पाऊस की अंगणात घोटाभर पाणी. इशानंतर चटई घातली, पण कोणीही आलं नाही. म्हटलं, काही हरकत नाही, मी एकटाच बसतो. तसबीह घेतली, सुरुवात केली. तिसेक वेळा झालं असेल आणि जीभ थांबली. लक्ष दाराकडे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. एकट्यानं १०० मला जमेना! तेव्हा लक्षात आलं, किती वर्षं मी एकट्यानं, कोणाच्या सुराशिवाय, अल्लाहला हाक मारलेलीच नाही. बाकीचे म्हणत होते म्हणून मी म्हणत होतो. त्यांचा आवाज नसेल तर माझ्याजवळ काय आहे?

हदीसे कुदसीत अल्लाह म्हणतो की, बंदा मला आपल्या मनात आठवतो तेव्हा मी त्याला माझ्यापाशी आठवतो. तो मला लोकांमध्ये आठवतो तेव्हा मी त्याला त्याहून चांगल्या बैठकीत आठवतो. दोन्ही आहेत. पण क्रम पाहा, मनातलं आधी आलं आहे. मी तेच वगळून थेट बैठकीत जाऊन बसलो होतो.

त्या रात्री भाईंचा प्रश्न पुन्हा कानात आला. अब्बांची आठवण की अल्लाहची? चटईवर बसून मी प्रामाणिक उत्तर दिलं: बरीचशी अब्बांची. थोडी माझी. अल्लाहची किती, ते त्यालाच ठाऊक.

मग जायज आहे की नाही? मला जे समजलं ते स्पष्ट सांगतो. अल्लाहच्या स्मरणासाठी एकत्र बसणं जायज आहे, नव्हे, चांगलं आहे. त्याचे पुरावे भक्कम आहेत. एका सुरात, ठरलेल्या पद्धतीनं करण्याबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत. मी ते करणं चूक मानत नाही, पण काही अटींवर. पद्धतीला सुन्नतचं नाव द्यायचं नाही. न येणाऱ्याला कमी लेखायचं नाही. आजारी, झोपलेला, अभ्यास करणारा, नमाज पढणारा, कोणालाही त्रास द्यायचा नाही. एकट्याच्या जिक्रची जागा बैठकीला घेऊ द्यायची नाही. आणि यावरून नातं तोडायचं नाही. कारण एकत्र जिक्र करणं फार तर पसंतीचं काम आहे, पण सख्ख्या भावाशी बोलणं टाकणं हराम आहे. पसंतीचं वाचवताना मी हराम करत बसलो होतो, ते कोणत्याच किताबात शोधावं लागत नाही. तुम्हाला शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारा.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर भाईंच्या मागे मशिदीबाहेर गेलो. पाऊस उघडला होता. म्हटलं, “भाई, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. माफ करा.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अब्बा गेले तेव्हा मी तिकडे होतो. तुझ्या पडवीत ती चटई बघितली की मला ते सहन होत नाही. सगळं काही मसल्याचंच नव्हतं.” मी वर्षभर त्यांच्या दलिलींना उत्तरं शोधत होतो, आणि हे मला कधी सुचलं नाही.

भाईंचं मत अजून बदललेलं नाही. माझंही पूर्ण बदललेलं नाही. माईक मात्र काढला. आजींना स्वतः जाऊन सांगून आलो. आता जुमेरातीला आधी पाऊण तास कुरआनचा अर्थ वाचतो. तो भाई वाचतात, आणि माझ्यापेक्षा चांगला समजावतात. मग ते उठतात. आम्ही हळू आवाजात जिक्र सुरू करण्याआधी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला जातो, कारण वाटेत चिखल असतो आणि त्यांच्या टॉर्चचा उजेड कमी. काल म्हणाले, “जा आता, लोक वाट बघतायत.” पहिल्यांदा म्हणाले.

आणि रोज फजरनंतर मी एकटा बसतो. १०० होत नाहीत अजून. जेवढे होतात तेवढे माझे असतात.

प्रिय वाचकहो, तुम्ही बैठकीत बसणारे असाल तर आज थोडा वेळ एकटे बसून पाहा. तुम्ही बैठकीला नावं ठेवणारे असाल तर तुमच्या घरातला जो माणूस तिथे बसतो, त्याची आज विचारपूस करा.

हे अल्लाह, आम्ही एकत्र असू तेव्हा आम्हाला दिखाव्यापासून वाचव, आणि एकटे असू तेव्हा गाफीलपणापासून. आमच्या अब्बांची मगफिरत कर. ज्यांनी तुझं नाव आम्हाला शिकवलं, त्या सगळ्यांवर रहम कर. भावाभावांची मनं जोड. आम्हाला त्यांच्यात ठेव, जे तुझाच चेहरा शोधतात. आमीन.